पेठ कोणती, तालीम कोणती? आषाढातले कोल्हापूर

कोल्हापूरला जाणारे बहुतेक प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेतात, रंकाळ्यावर एक फेरफटका मारतात, तांबडा-पांढरा रस्सा चाखतात आणि चपलांचा एक जोड घेऊन परततात. आम्हा उभयतांना मात्र या वेळी तिथल्या माणसांशी निवांत बोलायचे होते. आपल्या गावाविषयी कोल्हापूरकर इतक्या ठामपणे बोलतात, की त्या ठामपणामागे नेमके काय आहे हे कधीतरी त्यांच्याच तोंडून ऐकावे, असे फार दिवसांपासून मनात होते. २०२५ साली आषाढी एकादशी आणि मोहरमचा मुख्य दिवस ६ जुलैला एकत्र येत होते आणि आषाढातील त्र्यंबोलीची यात्राही त्याच सुमारास चालू होती, म्हणून तोच आठवडा निवडला. पत्नीच्या मावसबहिणीचे सासर शिवाजी पेठेत असल्याने मुक्कामाचा प्रश्न नव्हता.

गुरुवार : पेठ आणि नदी

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरलो. रिक्षात बसताना "शिवाजी पेठ" एवढे सांगितल्यावर रिक्षावाल्यांचा पुढचा प्रश्न आला, "कुठल्या तालमीजवळ?" घर क्रमांक, सोसायटीचे नाव, जवळची बँक यांपैकी कशाचीही त्यांना गरज वाटली नाही. तालमीचे नाव सांगताच त्यांनी आम्हाला थेट दारात नेऊन सोडले, आणि पुढच्या दिवसांत हाच प्रश्न आम्हाला वेगवेगळ्या माणसांनी विचारला. आमच्याकडे नाशकात ओळख करून देताना माणूस आडनाव आणि नोकरी सांगतो. कोल्हापुरात जुन्या शहरातला माणूस आधी पेठ सांगतो, मग तालीम सांगतो, आणि आडनाव पुष्कळदा तिसऱ्या क्रमांकावर येते.

तालीम म्हटल्यावर बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर केवळ कुस्तीचा आखाडा येतो. पेठांमधील तालीम मंडळे त्याहून बरीच व्यापक आहेत. एकाच इमारतीत व्यायामाची जागा, गणपतीचा मांडव, शिवजयंतीची तयारी, वाचनासाठी वर्तमानपत्रे आणि फुटबॉल संघाचे करंडक असा सगळा संसार असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे कोल्हापुरात फुटबॉलमुळे पोराटोरांनाही पाठ असतात, आणि ती सगळी मुळात तालमींची नावे आहेत. आमचे साडू साठीला आले आहेत, परंतु रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसल्याशिवाय त्यांचा दिवस पुरा होत नाही. "कुणाच्या घरात लग्न हाय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या पोराला फी भरायला कमी पडतंय, समदं हितं कळतं," असे त्यांनी सांगितले, आणि त्यात बढाईचा सूर नव्हता.

दुपारी पावसाची सर ओसरल्यावर पंचगंगेच्या घाटावर गेलो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या मिळून पंचगंगा होते, आणि तिच्यात त्या दिवशी गढूळ पाणी वेगाने वाहत होते. घाटावरच्या दीपमाळा पाण्यात अर्ध्या उभ्या होत्या. तिथे जमलेल्या माणसांत पर्यटक कमी आणि पाणी पाहायला आलेले रहिवासी जास्त होते. त्यांच्या बोलण्यात आकडे सहज येत होते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक होते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हा पावसाळ्यात कोल्हापूरच्या प्रत्येक घरातला प्रश्न असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्याही वर गेली होती, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच महापूर आला. साडूंनी घाटावर उभे राहूनच त्या दिवसांचे वर्णन केले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाल्याने शहराचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, पेट्रोल मिळेना, दूध मिळेना. आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीची माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. शासनाची पथके आली, परंतु त्याआधी आणि त्यांच्यासोबत तालमींची पोरे पाण्यात होती, असे ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यात भर घातली, "पूर कमी झाला त्या दिवशी कुणी कुणाला जात विचारली नाही, पेठ मात्र विचारली. कारण भांडी परत द्यायची होती." पेठेपेठेतून शिजवलेले अन्न पूरग्रस्तांकडे गेले होते आणि ज्या पातेल्यांतून ते गेले, ती पुढे आठवडाभर एकमेकांच्या तालमींत पोहोचवली जात होती. गावाच्या स्वभावाचे याहून नेमके वर्णन मला नंतरच्या दिवसांतही क्वचितच ऐकायला मिळाले.

जाणाऱ्यांसाठी सूचना अशी, की जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरला जायचे असल्यास निघण्यापूर्वी बंधाऱ्याची पाणीपातळी जरूर पाहावी. इशारा पातळी जवळ आली असेल, तर बेत पुढे ढकलणे उत्तम, कारण अशा वेळी गावाला पाहुण्यांची उठबस करायला सवड नसते.

शुक्रवार : रुसलेल्या देवीकडे

आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून त्र्यंबोली देवीची यात्रा निघते. पंचगंगेला आलेले नवे पाणी कलशांत भरायचे, ते कुमारिकांच्या डोक्यावर द्यायचे आणि वाजतगाजत शहराच्या पूर्वेकडील टेंबलाई टेकडीवर नेऊन देवीच्या पायऱ्यांवर ओतायचे, असा हा विधी आहे. नवरात्रातील गर्दीसाठी कोल्हापूर सर्वांना माहीत असते. ही यात्रा मात्र गावाची घरगुती यात्रा आहे, आणि बाहेरगावची माणसे तिच्यात फारशी दिसत नाहीत.

सकाळी साडेआठच्या सुमारास गल्लीतली मंडळी नदीकडे निघाली. पुढे सनई आणि ढोल होते. या वाजंत्रीला इथे 'पी ढबाक' म्हणतात, आणि एकदा तो ठेका कानावर पडला, की हे नाव कसे पडले असावे हे कुणालाही सांगावे लागत नाही. मुलींनी हळदीकुंकवाचे पट्टे ओढलेले कलश घेतले होते आणि कलशांच्या तोंडाशी डहाळ्या खोचल्या होत्या. पाऊस रिमझिमत होता, पण छत्री उघडलेली कोणी दिसली नाही. नववीत शिकणाऱ्या एका मुलीला मी विचारले, की एवढे अंतर पाण्याचा कलश घेऊन चालताना थकायला होत नाही का. "मी दरवर्षी येतो की काका, पाचवीपासनं. माझी आजी पण आलीया," असे तिने सांगितले. कोल्हापुरात मुलीही बोलताना 'मी येतो, मी जातो' असेच म्हणतात, आणि ते ऐकायला फार गोड वाटते.

देवीच्या मागची कथा टेकडीच्या वाटेवर आजींनी सांगितली. राक्षसांबरोबरच्या युद्धात त्र्यंबोलीने अंबाबाईला मोलाची मदत केली, परंतु विजयोत्सवाच्या वेळी तिला बोलावणे करायचे राहून गेले. त्यामुळे ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक लक्षात आल्यावर अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. म्हणून आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी लवाजम्यासह टेंबलाईवर जाते आणि तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. ही कथा सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, "चुकलं तर मोठ्यानं बी धाकट्याच्या दारात जायचं असतंय. आमच्या गावात देवच जातोय, मग माणसाला काय झालं?" कथेतील नेमके हेच मर्म त्यांनी पुढच्या पिढीला दिलेले असणार, कारण सोबतच्या मुली त्यांचे वाक्य अर्ध्यावरूनच पुरे करत होत्या.

दुपारनंतर गल्लीचे जेवण होते. वर्गणी आधीच जमली होती, मटणाची मोठमोठी पातेली पुरुषांनी चुलीवर चढवली होती आणि बायका मांडवात भाकऱ्या थापत होत्या. पांढरा रस्सा कसा होतो ते प्रथमच जवळून पाहिले. मटण हळद-मिठात शिजवून त्याचे अळणी पाणी वेगळे काढतात. खसखस, तीळ आणि काजू यांचे मऊ वाटण तुपात अख्ख्या गरम मसाल्यासोबत परततात, त्यात अळणी ओततात आणि अगदी शेवटी नारळाचे दूध घालतात. दूध घातल्यावर आच वाढवली तर रस्सा फुटतो, म्हणून त्या क्षणी पातेल्यापाशी फक्त एका अनुभवी काकांनाच उभे राहू दिले होते आणि ते पळीने सतत ढवळत होते. तांबड्या रश्श्याचा सारा भार घरच्या चटणीवर असतो. उन्हाळ्यात मिरच्या, कांदा, लसूण, सुके खोबरे, धणे, तीळ आणि खडा मसाला भाजून डंकावर कुटून आणलेली ही चटणी वर्षभर पुरवतात. कोल्हापुरी जेवण म्हणजे जाळ, अशी बाहेर समजूत आहे. त्या पंगतीतला तांबडा रस्सा झणझणीत होता, परंतु घशाला लागत नव्हता. नुसत्या तिखटाच्या जोरावर 'कोल्हापुरी' म्हणून महाराष्ट्रभर जे विकले जाते, त्याविषयी पंगतीतल्या प्रत्येकाने मनापासून खेद व्यक्त केला, आणि तो मला पटला.

वाढणाऱ्यांत एक वकील, एक रिक्षाचालक आणि दोन महाविद्यालयीन मुले होती. कोण कोण आहे हे मी विचारले म्हणून कळले. त्यांनी सांगितलेल्या ओळखीत व्यवसाय नव्हताच. "हा आमच्या तालमीचा" एवढीच ओळख होती.

शनिवार : माती, चामडे आणि दूध

पहाटे गंगावेशीजवळच्या एका कुस्तीच्या तालमीत गेलो. तालीम पाहायची असेल तर पहाटे किंवा दुपारी उशिरा जावे, आधी वस्तादांची परवानगी घ्यावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला गप्प बसावे. फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आत मंद दिवा, भिंतीवर मारुतीची तसबीर आणि जुन्या मल्लांची छायाचित्रे होती. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुरवलेली असते, आणि तिचा वास खोलीभर दाटलेला होता. पंधरा-सोळा वर्षांची मुले जोडीजोडीने खडाखडी करत होती आणि वस्ताद हातात काठी घेऊन क्वचितच एखादा शब्द बोलत होते. ही मुले जिल्ह्याबाहेरून, काही तर राज्याबाहेरून आलेली होती. तिथल्याच खोल्यांत राहायचे, आपले जेवण आपण शिजवायचे आणि दोन्ही वेळच्या मेहनतीला खुराकाची जोड द्यायची, असा त्यांचा दिनक्रम असतो.

मेहनत संपल्यावर वस्ताद बोलते झाले. कोल्हापूर म्हणजे काय, या माझ्या प्रश्नाला त्यांनी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगून उत्तर दिले. खाशाबा मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा त्यांच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. "पदक खाशाबांचं, पण घर कुणी गहाण टाकलं ते बी ध्यानात ठेवायचं. हे गाव तसल्या माणसांचं हाय," असे वस्ताद म्हणाले. मोठेपणा सांगताना मल्लाबरोबर त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाची आठवण काढायची, ही पद्धत मला पुढेही वारंवार दिसली.

तिथून खासबाग मैदानाकडे गेलो. १९०२ साली राजर्षी शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहिले, आणि त्याच्या धर्तीवर १९१२ मध्ये हे खोलगट मैदान तयार झाले. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारा मातीचा उतार अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. शाहू महाराजांनीच बांधलेल्या या वास्तूला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि आतला भाग भस्मसात झाला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. त्या रात्री शेजारच्या पेठांतली माणसे रस्त्यावर येऊन रडत होती, असे आम्हाला कितीतरी जणांनी सांगितले. ज्यांनी तिथे आयुष्यात दोनतीनच नाटके पाहिली असतील, असेही लोक त्यांत होते. पुनर्बांधणीच्या कामाजवळ उभे असताना एका पानपट्टीवाल्या काकांनी स्वतःहून थांबवून, आतली कुठली भिंत जुनी आहे आणि काय वाचले आहे हे बोट दाखवून समजावले. आपल्या घराचे काम चालू असावे तसे त्यांचे लक्ष तिथे होते.

दुपारी चपला तयार होतात त्या वस्तीत गेलो. जूनच्या अखेरीस मिलानमधील एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला उल्लेख न करता दाखवल्याने सगळीकडे चर्चा उसळली होती, आणि कारागिरांपाशी दुसरा विषय नव्हता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. एका घराच्या ओसरीवर नवरा रापीने चामड्याचा तळ कापत होता आणि त्याची बायको अंगठ्याजवळच्या पट्ट्यावर चामड्याची बारीक वेणी विणत होती. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते चामडे हाताला टणक लागत होते. वेणीचे पदर मोजायला ती एकदाही थांबली नाही.

त्या कारागिरांना मी विचारले, की परदेशी कंपनीचा राग आला का. त्यांचे उत्तर विचार करायला लावणारे होते. नाव घेतले नाही याचे वाईट वाटले, असे ते म्हणाले. परंतु "जगात भारी कोल्हापुरी" असे गाड्यांवर लिहिणारी माणसे आमच्याकडून जोड घेताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात, त्याचे वाईट जास्त वाटते. गावाच्या अभिमानात ज्यांचे हात आहेत त्यांना त्या अभिमानाचा वाटा मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे, आणि कोल्हापूरविषयी लिहिताना ती वगळणे अन्यायाचे होईल. आम्ही दोन जोड सांगितलेल्या भावाने घेतले. अस्सल चप्पल पावसात वापरू नये. भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी आणि मग तेलाचा हात फिरवावा, असे त्या बाईंनी आवर्जून बजावले.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. इथे म्हशी आणून बांधलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध तसेच पेल्यात देतात. कुस्तीच्या मेहनतीनंतर येणारी पोरे, दुकान बंद करून आलेले व्यापारी, नातवाचे बोट धरून आलेले आजोबा असे सगळे तिथे उभ्यानेच दूध पितात आणि पेला ठेवून गप्पा मारत राहतात. राजकारणाची सर्वांत मोकळी चर्चा आम्ही इथेच ऐकली. शहरातल्या रस्त्यांवरील टोलविरोधी आंदोलन कसे वर्षानुवर्षे चालले, एन. डी. पाटील वयाची ऐंशी ओलांडूनही कसे मोर्चात चालत होते, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे कसे पुढे होते, आणि २०१५ च्या अखेरीस टोल कसा रद्द झाला, याचा इतिहास एका फळविक्रेत्याने सनावळीसह सांगितला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सांगताना तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "टोल गेला ते बघायला आण्णा नव्हते."

रात्री पंजे, म्हणजे मोहरमात बसवली जाणारी हाताच्या पंजाच्या आकाराची प्रतीके, पाहायला निघालो. मोहरमची ती खत्तलरात्र, म्हणजे मुख्य दिवसाच्या आदली रात्र होती. कोल्हापुरात अनेक तालमींत गणपतीप्रमाणे पंजेही बसतात, आणि त्यांची व्यवस्था पाहणारे कार्यकर्ते बहुतांशी हिंदू असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणेशाची प्रतिमा आहे. तिच्याकडे पाहताना आम्ही थबकलो, तेव्हा जाणारे-येणारे लोक आमच्याकडेच कौतुकाने पाहू लागले, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात थबकण्यासारखे काही नव्हते. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले होते. तेव्हा कित्येक तालमींत एकाच छपराखाली एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला पंजे होते, असे तिथल्या तरुणांनी मोबाईलमधले फोटो दाखवून सांगितले. प्रसादाचे गोड चोंगे हातावर ठेवताना त्यांनी आमचे गाव विचारले, आणि अर्थातच, कुठल्या तालमीचे पाहुणे आहोत हेही विचारले.

रविवार : एकादशी आणि मोहरम

आषाढी एकादशीला पंढरपूरला न जाऊ शकणारे कोल्हापूरकर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरील नंदवाळला जातात. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिराकडून दिंडी निघते आणि वाटेत पुईखडीच्या माळावर रिंगण होते. आम्ही पुईखडीपर्यंत चालत गेलो. गर्दीत चिखल, भगव्या पताका, तुळशीवृंदावने आणि ओल्या घोंगड्यांचा वास होता. अश्व धावला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे धावली. तिथे वाटेवर पाणी आणि केळी वाटणाऱ्यांत रात्री दर्ग्याजवळ भेटलेले दोन तरुण पुन्हा दिसले. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की या दिवशी वाहन फार पुढे नेता येत नाही. पहाटे निघावे, चालावे आणि परतीसाठी शहर बसवर भिस्त ठेवावी. शिवाय एकादशीला तांबडा-पांढरा खाण्याचा बेत आखू नये.

परतताना एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली आणि मी त्यांना थोडा अवघड प्रश्न विचारला. ७ जून २०२३ रोजी याच शहरात समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दगडफेक झाली होती, दुकाने फोडली गेली होती. मग रात्री पाहिलेले चित्र खरे, की ते? त्यांनी उत्तर टाळले नाही. "दोन्ही खरी. ते घडलं त्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्यांना रस्त्यावर बघितलं. ज्यांना मी शाहू महाराज शिकवले, तीच पोरं होती. लाज वाटली." पुढे त्यांनी सांगितले, की दुसऱ्या दिवसापासून पेठांतल्या जाणत्या माणसांनी दारोदार फिरून दुकाने उघडायला लावली, आणि त्याच महिन्यात शाहू जयंतीला नेहमीपेक्षा जास्त माणसे बाहेर पडली. आपले गाव एकोप्याचे आहे, असे म्हणणे सोपे असते; तो एकोपा मोडल्यावर कोण कुणाच्या दारात जातो, यावर तो टिकतो, असे त्यांचे मत होते. आजींनी शुक्रवारी टेकडीच्या वाटेवर सांगितलेली गोष्ट त्यांच्या बोलण्याला अगदी जवळची होती. शिक्षकांनी नदीच्या प्रदूषणाविषयी, फुटबॉलच्या सामन्यांनंतर समर्थकांत होणाऱ्या हाणामाऱ्यांविषयी आणि चौकाचौकांतल्या डिजिटल फलकांविषयीही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. इथला माणूस गावावर टीका करतो तेव्हाही 'हे लोक' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सायंकाळी पंजे विसर्जनासाठी पंचगंगेकडे निघाले. नंदवाळहून परतणारे वारकरी आणि पंज्यांच्या मिरवणुकी एकाच रस्त्याला लागल्या. कोणी कोणाला वाट करून दिली हे सांगता येणार नाही, इतक्या सहजपणे ती गर्दी एकमेकांतून पुढे सरकत होती. टाळ आणि ताशे काही वेळ एकत्रच वाजत राहिले.

सोमवार : दसरा चौक

परतीची गाडी रात्रीची असल्याने दिवस हाताशी होता, तो दसरा चौकात घालवला. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि २६ जूनच्या जयंतीच्या कमानी अजून उतरल्या नव्हत्या. चौकाच्या परिसरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे आहेत. १९०१ पासून महाराजांनी एकामागून एक बोर्डिंगे काढली, कारण खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला तर त्याच्या जेवणाखाणाची आणि राहण्याची सोय हाच शिक्षणाचा पहिला प्रश्न होता. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. हे सगळे पाठ्यपुस्तकांत असते. कोल्हापुरात मात्र ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीसारखे सांगितले जाते. आम्हाला चहा देणाऱ्या गृहस्थांनी गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसाला महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. त्या चहाला गावातले लोक तोंड लावेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. सांगणाऱ्याच्या आजोबांनी तो चहा प्यायलेला होता, आणि हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

६ मे २०२२ रोजी, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता सगळे शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबले होते. साडू त्या वेळी भाजी घेत होते. तराजू हातात तसाच धरून भाजीवाल्या मावशी उभ्या राहिल्या, आणि रस्त्यावरच्या एसटीतले प्रवासीही खाली उतरून उभे राहिले, असे त्यांनी सांगितले. शाहू महाराजांनी काय केले असते, हा प्रश्न इथे आजही चर्चेत निर्णायक ठरतो. महानगरपालिकेच्या शाळांपासून ते रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत प्रत्येक वादात कोणीतरी तो विचारतोच, आणि राज्यकर्त्यांसाठी ही पट्टी फार उंच आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते.

चौकाजवळ भेटलेल्या एका वकिलांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या लढ्याची माहिती दिली होती. कामकाजावरचे बहिष्कार, उपोषणे, मोर्चे आणि सहा जिल्ह्यांतल्या वकिलांची एकजूट यांविषयी ते तासभर बोलले. तेव्हा निर्णय झालेला नव्हता. आम्ही परतल्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले, आणि त्या दिवशी मी त्यांना आवर्जून फोन केला. मागे साखर वाटपाचा गलबला ऐकू येत होता. "आता तुमच्या तालमीच्या पाहुण्यांनी एकदा पेढे खायला यायला पाहिजे," असे ते म्हणाले.

ज्यांना ही माणसे त्यांच्या सर्वांत उत्साही रूपात पाहायची असतील, त्यांनी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ निवडावा. तेव्हा शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने चालू असतात आणि गुऱ्हाळेही पेटलेली असतात. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे मूर्तीवर पडण्याचा सोहळा, पाहायचा असेल, तर ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांच्या सायंकाळी तासभर आधी पोहोचावे. आकाश निरभ्र असेल तरच किरणे मूर्तीपर्यंत जातात. फुटबॉलच्या सामन्याला जाणार असाल, तर आपण कुठल्या तालमीच्या बाजूने बसणार हे आधी यजमानांना विचारून ठेवावे. आम्ही येत्या मोसमात जाणार आहोत, आणि कुठे बसायचे ते साडूंनी आत्ताच ठरवून टाकले आहे.